ऊस, पाटपाणी आणि कायदा : पुसेगावच्या संदर्भात

उसाच्या पाण्यावरील नियंत्रण ठिबक सिंचनाहून जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार नीरा कालव्यावर ब्लॉकपद्धती आली. ब्लॉकच्या सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रातच ऊस, उरलेल्यात हंगामी पिके. बंधन क्षेत्रावर होते, पाण्याच्या मापावर नव्हे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने अधिसूचित लाभक्षेत्रातील बारमाही पिकांना ठिबक, तुषार वा तत्सम सिंचनाची अट घातली. उसाला ठिबक सक्तीचे करणारा मंत्रिमंडळाचा निर्णय यायला मात्र २०१७ उजाडले. पूर्णा प्रकल्पाचा कालवा सिद्धेश्वरहून वसमतकडे उतरतो; सेनगाव तालुक्यातील पुसेगाव वरच्या अंगास राहते. लाभक्षेत्राबाहेरच्या अशा विहिरीवरील उसाला कायद्याची ती अट लागू होत नाही. सरीने भिजवावे की ठिबकने, हे तेथे विहिरीची पातळी आणि अनुदानच ठरवते.