बाळंतपण किंवा वजन घटल्यानंतर पोटाची शस्त्रक्रिया : निर्णय घेण्याआधी काय पाहावे?

दोन-तीन बाळंतपणे झाली की पोट पूर्वीसारखे राहत नाही. ज्यांनी मेहनतीने किंवा बॅरिअॅट्रिक ऑपरेशन करून ३०-४० किलो वजन कमी केले, त्यांच्याही पोटाला, दंडाला आणि मांडीला सैल कातडी लोंबत राहते. "आता इतकं केलंच आहे, तर ऑपरेशन करून टाकू का?" हा प्रश्न मग मनात येतो. पण आपल्या घरांत त्यावर मोकळेपणाने बोलले जात नाही. एकीकडे जाहिराती सांगतात की दोन तासांत सगळे ठीक होईल. दुसरीकडे कोणी विचारलेच तर "हे असले शौक आपल्यात चालत नाहीत" असे सांगून तोंड बंद केले जाते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. हा निर्णय ज्या बाईला किंवा पुरुषाला घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी आवश्यक माहिती येथे एकत्र दिली आहे.

शरीरात नेमके काय झालेले असते?

"पोट सुटलं" असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यामागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात.

पहिले, चरबी. ती आहार आणि व्यायामाने कमी होते.

दुसरे, सैल कातडी. कातडीला ताण देऊन परत जागेवर आणणारे तंतू एकदा तुटले की ते व्यायामाने जुळत नाहीत. वय, किती वजन घटले, ते वजन अंगावर किती वर्षे होते आणि तंबाखूची सवय यांवर कातडी किती आखडेल हे ठरते.

तिसरे, फाकलेले स्नायू. पोटाच्या मधोमध वरून खाली जाणारे दोन स्नायू गरोदरपणात बाजूला सरकतात. बाळंतपणानंतर बहुतेकींचे ते पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, डोके थोडे उचलावे आणि बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवून पाहावे. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

चौथे, हर्निया. बेंबीपाशी किंवा सिझेरियनच्या टाक्याजवळ खोकताना फुगा येत असेल तर तो दिसण्याचा प्रश्न नसून आजार आहे. त्याचा इलाज आधी व्हायला हवा. फुगा एकदम कडक झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

म्हणून कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाण्याआधी एखाद्या जनरल सर्जनला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना पोट दाखवून घ्यावे. त्रास नक्की कशामुळे आहे हे कळले की अर्धा निर्णय तिथेच होतो.

आधी थांबणे का गरजेचे?

गर्भाशयाला मूळ आकारात यायलाच साधारण सहा आठवडे लागतात. पोटाचे स्नायू व कातडी त्यानंतरही कित्येक महिने सुधारत राहतात. त्यामुळे बाळंतपणानंतर किमान सहा महिने, आणि शक्यतो वर्षभर, कोणताही निर्णय घेऊ नये. सिझेरियनच्या वेळीच "सोबत पोटही कमी करून द्या" अशी मागणी काहीजणी करतात. तेव्हा पोट ताणलेले असते आणि रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जन सहसा त्याला नकार देतात. स्तनांची शस्त्रक्रिया करायची असेल तर बाळाचे दूध पूर्ण सुटून काही महिने जाऊ द्यावेत.

फाकलेल्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी हा पहिला उपाय आहे. श्वास सोडताना पोट आत ओढण्यासारखे सौम्य व्यायाम आधी शिकावेत. जिममधले क्रंचेस सुरुवातीलाच केले तर फट वाढू शकते. घरातल्या वडीलधाऱ्या बायका पोट बांधायला सांगतात. पट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, बरे वाटते. पण पट्ट्याने स्नायू जुळत नाहीत. स्ट्रेच मार्क घालवणारे म्हणून विकले जाणारे तेल किंवा क्रीम ते पूर्ण घालवू शकत नाही. काळानुसार ते फिके मात्र पडतात.

वजन घटवलेल्यांसाठी नियम असा की वजन किमान सहा महिने एकाच जागी स्थिर राहिलेले असावे. बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने थांबतात. बीएमआय ३० च्या खाली असेल तर धोका कमी. उदाहरणार्थ, १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईचे वजन ७२ किलो असेल तर तिचा बीएमआय ३० च्या आसपास येतो. अशा रुग्णांत प्रथिने, लोह व बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त असते. ही कमतरता भरून न काढता कापले तर जखम नीट भरत नाही. म्हणून हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, बी-१२ आणि साखर तपासणे टाळू नये.

आणखी मूल हवे असेल तर ऑपरेशन पुढे ढकलावे. नंतर गरोदर राहता येते, पण पोट पुन्हा ताणले जाते आणि पैसा व त्रास वाया जातो.

ऑपरेशन म्हणजे काय?

पोटाच्या ऑपरेशनला बोलीत टमी टक म्हणतात, वैद्यकीय नाव अॅब्डॉमिनोप्लास्टी. पूर्ण भूल देऊन साधारण दोन ते चार तास ते चालते. सर्जन जादा कातडी व चरबी काढतात, फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. ओटीपोटावर एका कुल्ह्यापासून दुसऱ्या कुल्ह्यापर्यंत व्रण राहतो. तो कपड्याखाली झाकला जातो, पण कायमचा असतो. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क कातडीबरोबर जातात, वरचे राहतात.

लोंबणारी घडीच फक्त काढायची, स्नायूंना हात लावायचा नाही, अशी वेगळी शस्त्रक्रियाही असते. घडीखाली सतत घाम, पुरळ, बुरशी, दुर्गंध येत असेल, चालताना अडचण होत असेल, तर ती उपयोगी ठरते.

लायपोसक्शनबद्दल मोठा गैरसमज आहे. तो वजन कमी करण्याचा उपाय नाही. ठरावीक जागची चरबी त्याने निघते, पण सैल कातडी तशीच राहते, कधी अधिक लोंबते.

पोट, स्तन आणि लायपोसक्शन एकाच दिवशी करून देणारी पॅकेजेस आता मोठ्या शहरांत मिळतात. एकदाच भूल, एकदाच सुट्टी हा फायदा खरा. मात्र ऑपरेशन जितके लांबते तितका गुंतागुंतीचा धोका वाढतो. "हे दोन टप्प्यांत करता येईल का?" असे जरूर विचारावे.

धोके कोणते?

जखमेखाली पाणी साचणे, रक्त साचणे, जंतुसंसर्ग, टाक्याची कड काळी पडणे, जाड व्रण आणि पोटाच्या खालच्या भागात बधिरपणा हे नेहमी दिसणारे त्रास आहेत. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाणे ही क्वचित होणारी, पण जीवघेणी गोष्ट आहे. एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप, छातीत दुखणे, ताप किंवा जखमेतून रक्त अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडे अनेक बायका सिगारेट ओढत नाहीत, पण मिशरी लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू घेता का?" विचारले की "नाही" म्हणतात. मिशरी ही तंबाखूच आहे. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम सडू शकते. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे व नंतरही ती पूर्ण बंद हवी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात. काही गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो.

दीन काय सांगतो?

हा प्रश्न आपल्या घरांत येणारच. अल्लाहने दिलेल्या रूपात निव्वळ सौंदर्यासाठी बदल करण्याची मनाई सूरह निसाच्या ११९ व्या आयतीच्या आणि गोंदणे, दात घासून फटी करणे यांविषयीच्या हदीसच्या आधारे सांगितली जाते. दुसऱ्या बाजूला, हजरत अर्फजा यांचे नाक लढाईत कापले गेले तेव्हा त्यांना सोन्याचे नाक बसवायची परवानगी मिळाली, ही रिवायत अबू दाऊद व तिर्मिजीत आहे. बिघडलेले दुरुस्त करणे आणि चांगले असलेले बदलणे यांत उलेमा फरक करतात, तो यामुळेच.

जगभरच्या फिकह तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमी जुलै २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे भरली होती. तेथील ठरावाचा आशय असा : जन्मजात दोष, आजार, अपघात किंवा भाजणे यांमुळे आलेला बिघाड दुरुस्त करणे, तसेच ज्या व्यंगाने शारीरिक वा मानसिक त्रास होतो ते दूर करणे जायज आहे. केवळ हौस किंवा कोणाची नक्कल म्हणून रूप बदलणे जायज नाही. सर्जन पात्र असावा, रुग्णाची संमती असावी आणि फायद्यापेक्षा नुकसान मोठे नसावे, अशा अटीही आहेत.

बाळंतपणाने फाकलेले स्नायू, हर्निया, घडीखालच्या जखमा यांचा इलाज दुरुस्तीकडे झुकतो. फक्त सपाट पोटाची हौस दुसऱ्या बाजूला जाते. मधल्या प्रकरणांत डॉक्टरांचा लेखी अहवाल घेऊन आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारावे. "प्लास्टिक सर्जरी चालते का?" असा मोघम प्रश्न केला तर उत्तरही मोघम मिळेल. आजार काय, त्रास काय, दुसरा उपाय आहे का, हे सांगून विचारावे.

काही व्यावहारिक गोष्टी : लेडी सर्जन किंवा किमान तपासणीच्या वेळी सोबत बाई असावी, ही मागणी निःसंकोच करावी. पट्टी असताना वजू-गुस्लमध्ये पट्टीवर मसह करणे आणि वाकता येत नसताना बसून नमाज पढणे यांची सवलत शरीयतमध्ये आहे. औषधे चालू असताना सुटलेले रोजे नंतर कजा करता येतात. ऑपरेशनची तारीख रमजान आणि उमराहचा प्रवास पाहूनच ठरवावी, कारण ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत चार तासांहून लांब विमानप्रवास रक्ताच्या गाठीच्या दृष्टीने धोक्याचा असतो.

डॉक्टर आणि दवाखाना कसा निवडावा?

"कॉस्मेटिक सर्जन" अशी पाटी म्हणजे पदवी नव्हे. एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही प्लास्टिक सर्जरीतली पदवी आहे का ते पाहावे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी तपासावी. दवाखान्याची नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर राहतात का, रात्री काही झाले तर आयसीयू कुठे आहे, हे विचारायला लाजू नये. अशी किती ऑपरेशने केली आणि त्यांत काय अडचणी आल्या, हेही विचारावे. चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही आणि पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम मागत नाही.

भारतातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. मुंबईत केईएम, सायन, नायर व जे.जे. या रुग्णालयांत असे विभाग आहेत. हर्निया किंवा त्वचेच्या जखमांचा त्रास असेल तर तेथे दाखवता येते.

खर्चाचा हिशेब

खासगीत हा खर्च बहुधा लाखाच्या पुढे जातो. सर्जन, भूल, रुग्णालय, तपासण्या, पट्टा, औषधे आणि पुन्हा ऑपरेशन लागले तर त्याचे पैसे, हे सगळे लेखी घ्यावे. आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया साधारणपणे बसत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याचा थेट धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी प्रमाणित केलेली शस्त्रक्रिया बसू शकते. घडीखालच्या जखमांचे फोटो व औषधोपचाराचे कागद म्हणूनच जपून ठेवावेत. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो. सुलभ हप्त्यांच्या जाहिरातीत व्याज दडलेले असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पैशाइतकाच घरातल्या मदतीचा हिशेब महत्त्वाचा. बसून करायच्या कामावर दोन-तीन आठवड्यांत परतता येते, पण साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. म्हणजे पाण्याची कळशी नाही, सिलिंडर नाही, आणि दोन वर्षांचे मूलही नाही. ही कामे कोण करणार, हे नावानिशी ठरले नसेल तर तारीख घेऊ नये.

हे कोणासाठी?

शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो बाईने एकटीने, शांतपणे स्वतःला विचारायचा आहे. त्रास मला आहे की टोमण्यांचा आहे? शोहर किंवा सासरचे सतत पोटावरून बोलतात म्हणून ऑपरेशन केले, तर पोट सपाट होईल, बोलणे थांबेलच असे नाही. तो इलाज सर्जनकडे नाही. बाळंतपणानंतर सतत उदास वाटणे, झोप न लागणे, स्वतःचा राग येणे असे होत असेल तर आधी मनाचा इलाज करावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

त्याचवेळी, ज्या बाईला पाठदुखीने उभे राहवत नाही किंवा घडीखालच्या जखमा वर्षभर भरत नाहीत, तिला "आई झालीस, आता काय करायचंय" असे म्हणून गप्प बसवणेही अन्यायच आहे. तिला डॉक्टरकडे नेणे हे घरच्यांचे काम आहे. आणि सगळी माहिती घेतल्यावर तिने "नको" म्हटले, तर तोही पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय आहे. त्याचाही मान राखावा.