पवनीची जगन्नाथ टेकडी

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती देवाच्या नावाने ओळखली. परंतु ती निसर्गाने घडविलेली टेकडी नव्हे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा स्तूप उघड झाला. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या महास्तूपाहूनही किंचित अधिक! १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले, त्या वेळी हा स्तूप मातीखालीच होता. दीक्षेनंतरही त्याला तेरा वर्षे वाट पाहावी लागली.

येथील शिल्पात रिक्त आसनावर फणा धरलेला नाग आहे आणि मुचलिन्द हे त्याचे नावही कोरलेले आहे. उदानातील मुचलिन्द सुत्त ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. पालीच्या अभ्यासकाला मात्र याहून मोलाचा वाटतो तो ‘नाग’ नावाच्या पचनेकायिकाचा दानलेख. पचनेकायिक म्हणजे पाचही निकायांचा जाणकार. हीच उपाधी भारहुतच्या एका दानलेखात बुद्धरक्षिताला लावलेली आढळते. वैनगंगेच्या काठी, ख्रिस्तपूर्व काळात, पाचही निकाय जाणणारी व्यक्ती होती, ही गोष्ट लहान नाही. या नावावरून नागवंशाचा निर्णय करण्याचा मोह अनेकांना होतो. बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात नागलोकांचे ऋण सांगितले, ते आपल्याला प्रिय आहे. पण एका व्यक्तिनामावर एवढा भार टाकणे मला रास्त वाटत नाही.

मग हे केंद्र मावळले कसे? स्तूप फोडला गेला, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्यासाठी पवनीचा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. नगर ओस पडले असेही नव्हे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ येथेच मिळाला आहे. अधिक बोलका पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे आहे. तेथील शिळेवर प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी अशोककालीन आज्ञा आहे आणि त्याच शिळेवर वाकाटक नृपती पहिल्या रुद्रसेनाने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरविला. दगड तोच राहिला, आश्रय बदलला.

निकाय मुखोद्गत ठेवणाऱ्या भिक्खूंना रोज भिक्षा लागते, शिष्य लागतात. दाते दुसऱ्या दाराकडे वळले की एका पिढीत पठण थांबते. त्यासाठी एकही वीट फोडावी लागत नाही. पुढे स्तूपावर माती साचत जाते, गवत उगवते. एक दिवस कोणी तरी त्या उंचवट्याला टेकडी म्हणतो, आणि तेच नाव चालू राहते.