खातेवार कारभाराची घडी : बडोदे राज्याचा अनुभव

ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच हाती ती तक्रार ऐकण्याचा अधिकार असला म्हणजे रयतेला दाद मिळत नाही. राज्यकारभारात कामांची खातेवार विभागणी का करावी, याचे मूळ कारण या एका वाक्यात सामावलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात अमात्य व न्यायाधीश ही पदे वेगळी होती. परंतु पुढील काळात अनेक ठिकाणी ही घडी विस्कटली. बडोदे राज्यात महाल इजाऱ्याने देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. ठरलेली रक्कम सरकारात भरून इजारदार वसूल करी आणि त्या मुलखात त्याचाच अंमल चाले. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत या प्रथेला आळा घालण्याचे प्रयत्न झाले. तरीही रयतेची गाऱ्हाणी संपली नाहीत. मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले.

त्याच वर्षी दिवाणपदी सर टी. माधवराव आले. तंजावरच्या मराठी परंपरेतील या मुत्सद्द्याने त्यापूर्वी त्रावणकोर व इंदूर येथे दिवाणगिरी केली होती. त्यांनी राज्याचे बडोदे, कडी, नवसारी व अमरेली असे चार प्रांत करून प्रत्येकावर सुभा नेमला. महसूल, न्याय, पोलीस, बांधकाम, शिक्षण व वैद्यक ही कामे निरनिराळ्या खात्यांकडे सोपविली. ज्या त्या कामाचा जाब कोणाला विचारावयाचा, हे त्यामुळे निश्चित झाले. वसुलीची घाई आणि न्यायाची सबुरी हे दोन स्वभाव एका माणसात क्वचितच नांदतात. ते वेगळ्या कचेऱ्यांत बसविणे हेच शहाणपणाचे होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीराव महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि ही घडी पुढे नेली. तालुक्याचा वहिवाटदार महसुलाबरोबर फौजदारी खटलेही चालवीत असे. शेतकऱ्याकडून सारा घेणारा आणि त्याला शिक्षा ठोठावणारा अधिकारी एकच, ही विसंगती दूर करून कार्यकारी व न्यायविषयक अधिकार अलग करण्याचे धोरण महाराजांनी स्वीकारले. १९०४ मध्ये राज्याच्या सेवेत आलेले रमेशचंद्र दत्त हेही या सुधारणेचे पुरस्कर्ते होते.

स्वतंत्र खात्याचा आणखी एक लाभ ग्रंथालयांच्या इतिहासात दिसतो. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. मात्र शाळा सुटल्यावर वाचावयास पुस्तक नसेल, तर अक्षरओळख पुसली जाते. शाळांच्या व्यापात हे काम मागे पडू नये, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारण्यात आले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथांवर मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला. गावोगावी वाचनालये निघाली, फिरत्या ग्रंथपेट्या पोहोचल्या. खर्चाचा एक तृतीयांश वाटा लोकांनी, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने आणि उरलेला सरकारने उचलावा, अशी व्यवस्था ठरली. जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच राहत नाही. खाते निर्माण होताच त्या कामाला धनी मिळाला.

विभागणीचे दोषही आहेत. कागद एका दप्तरातून दुसऱ्यात फिरत राहतो आणि ज्याला त्याला आपल्या खात्यापुरतेच दिसते. ही खाती एकमेकांना समजतील अशी परिभाषा हवी, या जाणिवेतूनच १९३१ मध्ये आठ भाषांतील ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा कोश सिद्ध झाला. विभागणीला समान भाषेची व वरून एका नजरेची जोड हवी, हा त्याचा बोध आहे.

१९४९ मध्ये बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. खात्यांची नावे व कचेऱ्या बदलल्या. परंतु वसूल करणाऱ्याने न्याय करू नये आणि लोकशिक्षणाला स्वतःचा धनी असावा, हे त्या कारभाराने दिलेले दोन धडे कोणत्याही शासनाने विसरू नयेत असेच आहेत.