स्वतःला लिहिणारा मजकूर

संगणकाला द्यायच्या आज्ञांचा मजकूर म्हणजे प्रोग्राम. आता असा प्रोग्राम लिहायचा, की तो चालवल्यावर त्याचा स्वतःचाच मजकूर, स्वल्पविरामासकट, जसाच्या तसा छापला जाईल. अट एकच : स्वतःची फाइल उघडून वाचायची नाही. प्रोग्रामर मंडळी या कोड्याला फावल्या वेळची करमणूक समजतात. त्याचा इतिहास धुंडाळताना मला मात्र ते करमणुकीपुरते उरले नाही.

पहिला प्रयत्न हमखास फसतो. 'अमुक छाप' अशी आज्ञा लिहिली, तर खुद्द 'छाप' हा शब्द छापायचा राहतो. तोही अवतरणात घातला, तर त्याला छापणारी आणखी एक आज्ञा लागते आणि ही साखळी संपत नाही. सुटका कशी होते, ते मराठीतच दाखवता येईल :

पुढील मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत : "पुढील मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत :"

वाचकांनी कागद घेऊन ही आज्ञा पाळून पाहावी. हाती येईल ते हेच वाक्य. एकच मजकूर येथे दोन नात्यांनी आला आहे. एकदा तो पाळायचा हुकूम आहे. दुसऱ्यांदा अर्थाकडे न पाहता, मक्षिकास्थाने मक्षिका, उतरवून काढायची निव्वळ अक्षरे.

ही युक्ती यंत्रांच्या संदर्भात स्पष्टपणे मांडली ती जॉन फॉन नॉयमन यांनी. सप्टेंबर १९४८मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे हिक्सन परिसंवाद झाला. यंत्र स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवू शकेल काय, हा त्यांच्या व्याख्यानातला एक प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे : यंत्राजवळ स्वतःचे वर्णन हवे. एक भाग त्या वर्णनाबरहुकूम नवे यंत्र बांधील, दुसरा भाग त्याच वर्णनाची नक्कल करून ती नव्या यंत्रात ठेवील. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील लेख आला १९५३मध्ये. पेशीतही तेच घडते हे पुढे कळले : डीएनए एकदा वाचला जातो प्रथिने घडवण्यासाठी आणि एकदा उतरवला जातो पुढच्या पेशीसाठी. केवळ तर्काने काढलेला हा आराखडा निसर्गाने आधीच वापरलेला निघावा, याचे मला अजून नवल वाटते.

गणिताच्या बाजूने याचा पाया त्याआधीच, १९३८मध्ये, स्टीफन क्लीनी यांच्या प्रमेयात घातला गेला होता. पुरेशी समर्थ अशी कोणतीही संगणकभाषा घ्या, स्वतःला छापणारा प्रोग्राम तिच्यात असतोच. तो सापडणे ही नशिबाची गोष्ट नव्हे.

एडिंबरा विद्यापीठात १९६०च्या दशकात ॲटलस ऑटोकोड या भाषेत लिहिलेला असा एक प्रोग्राम पॉल ब्रॅटली यांनी पाहिला होता. १९७२मध्ये त्यांनी आणि जाँ मिलो यांनी या विषयावर लेख छापला. आजचे 'क्वाइन' हे नाव मात्र डग्लस हॉफस्टॅटर यांच्या १९७९च्या 'गोडेल, एशर, बाख' या ग्रंथातून आले. वाक्य आणि त्याचे अवतरण यांच्या नात्यावर विचार करणारे हार्वर्डचे तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन यांच्यावरून त्यांनी ते घेतले. पुढे गंमतीही झाल्या. १९९४मध्ये 'सी' भाषेच्या एका विनोदी स्पर्धेत कोणीतरी चक्क रिकामी फाइल पाठवली. ती चालवली की काहीच छापत नाही, म्हणजे आपला मजकूर तंतोतंत छापते! परीक्षकांनी तिला नियमांच्या सर्वांत वाईट गैरवापराचे बक्षीस दिले.

या साऱ्यातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे पान केन थॉम्प्सन यांचे. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी ते एक. १९८३चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेनिस रिची यांच्यासह मिळाला. त्या निमित्ताने दिलेले व्याख्यान ऑगस्ट १९८४मध्ये छापून आले. कॉलेजात असताना आपण हे कोडे सोडवत असू, असे सांगून त्यांनी सुरुवात केली आणि मग श्रोत्यांना एका कंपायलरपाशी नेले. माणसाला वाचता येईल असा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. कंपायलरचा स्वतःचा मजकूरही कंपायलरमधूनच जातो, ही त्यातली मेख.

थॉम्प्सन यांनी कंपायलरला दोन खोड्या शिकवल्या. लॉगिनचा प्रोग्राम समोर आला, की त्यात गुपचूप एक चोरदरवाजा ठेवायचा. आणि स्वतः कंपायलरचा मजकूर समोर आला, की त्यात या दोन्ही खोड्या पुन्हा घालायच्या. दुसरी खोडी म्हणजे आपले कोडेच! एकदा हा कंपायलर तयार झाला, की मूळ मजकुरातून खोड्या पुसून टाकता येतात. मजकूर स्वच्छ, तरी त्यातून निघणारा प्रत्येक नवा कंपायलर बाधित. ओळ न् ओळ तपासणाऱ्यालाही काही सापडत नाही, कारण जे वाचायचे ते कागदावर उरलेलेच नसते.

आज बँकेपासून रुग्णालयापर्यंत सारे कंपायलरांतून निघालेल्या प्रोग्रामांवर चालते. 'मूळ मजकूर खुला आहे, हवे तर वाचून पाहा' हा दिलासा आपल्याला दिला जातो. तो या व्याख्यानाने अर्धा करून टाकला.

उपाय पुढे निघाला. डेव्हिड व्हीलर यांनी २००९च्या प्रबंधात तो तपशिलाने सिद्ध केला. संशयित कंपायलरचा मजकूर अगदी वेगळ्या घराण्यातल्या दुसऱ्या कंपायलरमधून काढायचा, त्यातून जो कंपायलर निघेल त्याच्यातून तोच मजकूर पुन्हा काढायचा, आणि संशयिताने स्वतःच्या मजकुरातून घडवलेल्या प्रतीशी हे फळ अक्षरशः ताडून पाहायचे. एका बिटाचाही फरक पडला, तर चौकशी सुरू करायची. मात्र दोन्ही कंपायलरांत एकच खोडी दडलेली असेल, तर ही तपासणीही काही बोलत नाही.