हाताने दिलेला श्वास

हॉस्पिटलच्या कागदावर मृत्यूचं कारण म्हणून 'कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर' हे शब्द इतक्या वेळा लिहिलेले असतात, की नातेवाइकांना तो एक आजारच वाटू लागतो. पण हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कुणीच मरत नाही. त्यामुळे त्या शब्दांतून एवढंच कळतं, की माणूस गेला. का गेला, हे कळत नाही. श्वास बंद पडण्याची कारणं वेगवेगळी ओळखणं आणि मूळ दुखणं बरं होईपर्यंत तो बाहेरून चालू ठेवणं, या दोन गोष्टी वैद्यकाला नीट जमल्या त्या गेल्या शंभर वर्षांत. हा इतिहास बोस्टन आणि कोपनहेगनमध्ये घडला असला, तरी त्याची परीक्षा आजही भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावात होते.

आसगाव पवनी तालुक्यातलं. हा सगळा धानाचा पट्टा. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरतात, उंदीर आणि बेडूक घरांच्या आसऱ्याला येतात, त्यांच्यामागे साप येतात. त्यांतला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावतो. चावा अनेकदा जाणवतही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बसतो आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात. त्या माणसाची फुप्फुसं मात्र ठणठणीत असतात. हवा आत ओढणारा भाता तेवढा बंद पडलेला असतो. हलता-बोलता येत नसलं, तरी अनेकदा त्याला आजूबाजूचं सगळं कळत असतं.

सर्पविषावरची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. पण मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकंच बिघडवतं, आणि एकदा बिघडलेली टोकं लस दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा वाढायला काही दिवस जातात. तेवढे दिवस कुणी श्वास देत राहिलं, तर माणूस उठून चालत घरी जातो. नाही दिला, तर काही तासांत संपतो.

नेमका हाच पेच पोलिओने युरोप-अमेरिकेसमोर टाकला होता. १९२८ साली बोस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर यांचं 'आयर्न लंग' प्रथम एका मुलीसाठी वापरलं गेलं. पत्र्याच्या मोठ्या पिंपात रुग्णाला गळ्यापर्यंत ठेवायचं आणि आतली हवा पंपाने कमी-जास्त करायची, म्हणजे छाती फुगते आणि बसते. यंत्र अवजड आणि महाग. शिवाय गिळता न येणाऱ्या रुग्णाची लाळ श्वासनलिकेत उतरू लागली, की ते हतबल ठरे.

१९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात असं पिंप एकच होतं आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. श्वसनाचा लकवा झालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत गेले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, म्हणून शरीरात अल्कली वाढली आहे असं डॉक्टर समजत होते. हॉस्पिटलचे प्रमुख लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. कागद पाहून आणि शवविच्छेदनं बघून इब्सेन म्हणाले, की या रुग्णांची फुप्फुसं चांगली आहेत. श्वास अपुरा पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नाही, आणि तोच रक्तात साठतो आहे.

२७ ऑगस्टला त्यांनी मरणाच्या दारात असलेल्या १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली, आणि तिला रबरी पिशवी जोडून हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ रोज करत तेच काम त्यांनी वॉर्डात आणलं. मुलगी वाचली. पण मग प्रश्न आला, की डझनावारी रुग्णांच्या पिशव्या रात्रंदिवस कोण दाबणार? वैद्यकीय विद्यार्थी आले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, आठवडेच्या आठवडे, खाटेशेजारी बसून पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरेक रुग्ण अशा हातांवर जगत होते. दहांपैकी नऊ मरत होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा कक्ष उघडला. आपल्याकडे ज्याला सरसकट 'आयसीयू' म्हणतात, त्याची सुरुवात तिथली. म्हणजे आयसीयूत यंत्र नंतर आलं. आधी खाटेशेजारी बसलेला माणूस होता.

१९५६ साली त्याच डेन्मार्कमध्ये हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी आपोआप फुगणारी पिशवी तयार केली. तिला सिलिंडर लागत नाही, वीजही लागत नाही. हीच आपल्या ॲम्ब्युलन्समधली 'अंबू बॅग'. २०१४मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, तेव्हा कोपनहेगनचा तो धडा चाकांवर बसून खेड्यांकडे निघाला असं म्हणायला हरकत नाही. पवनीचं ग्रामीण रुग्णालय, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय आणि शेवटी नागपूरचं 'मेडिकल' या वाटेवर मण्यार चावलेल्या माणसाचं आयुष्य अक्षरशः कुणाच्या तरी मुठीत असतं. कीटकनाशकाच्या विषबाधेतही बऱ्याच अंशी हेच घडतं. छातीत स्राव दाटतो, स्नायू ढिले पडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांवर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे, पण तो चालेपर्यंत श्वास टिकावा लागतो.

हे झालं भाता बंद पडण्याचं. दुसरा प्रकार उलटा. भाता जिवाच्या आकांताने चालतो, पण फुप्फुसंच भरलेली असतात. लहान मुलांचा न्यूमोनिया, ज्याला जुनी माणसं 'डबा' म्हणत, तो यातला. इथला मोठा धडा मात्र परदेशातून आलेला नाही, तो भंडाऱ्याच्या शेजारून, गडचिरोलीतून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८पासून गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, असे ते साधे आकडे. आकडा ओलांडला, तर तिथेच प्रतिजैविक औषध द्यायचं. १९९०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनियाने होणारे मृत्यू इतर गावांत हजारी १७.५ होते, या गावांत ८.१. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. श्वास निकामी व्हायच्या आधीच त्याला गाठलं होतं.

मोठ्यांमध्ये चुलीच्या धुराने आणि विडीने वर्षानुवर्षं खराब झालेली छाती हा तिसरा मासला. इथे ऑक्सिजन कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइडही साठलेला असतो. अशा रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला तर तो गुंगीत जाऊ शकतो, म्हणून बेताने, ८८ ते ९२ टक्के पातळी राहील इतकाच द्यायचा. १९९५मध्ये युरोपातल्या एका अभ्यासाने दाखवलं, की अशांना घट्ट मास्कमधून दाबाने हवा दिली, तर घशात नळी घालायची वेळ ७४ ऐवजी २६ टक्के रुग्णांवरच येते आणि मृत्यू २९ टक्क्यांवरून ९वर येतात.

आणि चौथा, सगळ्यांत अवघड. १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या डॉक्टरांनी १२ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. कुणाला अपघात, कुणाला विषाणूची लागण. कारणं वेगळी, पण सगळ्यांची फुप्फुसं सारखीच पाणावलेली आणि ताठर. हाच 'एआरडीएस'. डॉक्टर व्हेंटिलेटरने मोठमोठे श्वास देत राहिले. त्या जोराने फुप्फुसाचा उरलासुरला चांगला भागही फाटतो, हे उमगायला बराच काळ गेला. २०००मध्ये ८६१ रुग्णांवरच्या चाचणीत, उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. फक्त हात आखडता घेतला होता. २०१३मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी गंभीर रुग्णांना रोज निदान १६ तास पालथं झोपवून मृत्यू जवळजवळ निम्मे केले. पालथं करायला यंत्र लागत नाही, चार-पाच प्रशिक्षित माणसं लागतात.

कोविड आला, तेव्हा हे सगळं ज्ञान तयार होतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर चालतो. ते एप्रिल २०२०मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षभरात त्यांचं उपकरण आपल्या खेड्यापाड्यांतल्या आशाताईंच्या पिशवीत पोहोचलं. डेक्सामेथासोन हे स्वस्त आणि जुनं औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं, हे जून २०२०मध्ये कळलं.

तरीही २०२१ साल आपल्याकडे वेगळ्याच कारणांनी लक्षात राहिलं. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. कमी वजनाची, आजारी बाळं जगावीत म्हणून जिथे ठेवली होती, तीच जागा धुराने भरली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि २२ रुग्ण दगावले. या मृत्यूंची कारणं फुप्फुसाच्या आजारशास्त्रात सापडत नाहीत. ती वायरिंगमध्ये, व्हॉल्व्हमध्ये आणि देखभालीच्या नोंदवहीत शोधावी लागतात.

अशा घटनेनंतर आपल्याकडे नवी यंत्रं जाहीर होतात. यंत्रं हवीतच. मण्यार चावलेल्याची पिशवी चार दिवस हाताने दाबत बसणं हा काही आदर्श नव्हे. पण यंत्राचं खोकं उघडलं म्हणजे उपचार सुरू झाला, असं या शंभर वर्षांत कधीच झालेलं नाही. कोपनहेगनला खाटेशेजारी विद्यार्थी बसले, गडचिरोलीत दायांनी श्वास मोजले, फ्रान्समध्ये नर्सेसनी रुग्ण पालथे केले. आसगावहून निघालेल्या रुग्णासाठीही हिशेब तोच आहे. पहिल्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता पापण्यांची जडता ओळखणारं कुणी आहे का? लस आणि अंबू बॅग आहे का, आणि ती दाबता येणारे हात आहेत का? पुढच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनची लाइन गेल्या महिन्यात कुणी तपासली आहे का? यांतल्या एकाचं उत्तर 'नाही' असेल, तर नागपूरचा व्हेंटिलेटर कितीही नवा असला तरी रुग्ण तिथवर पोहोचणार नाही. आणि मग कागदावर पुन्हा तेच दोन शब्द लिहिले जातील.