‘संवत्सर’ : एक शब्द आणि त्याचे फेरे

‘संवत्सर’ हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडतो तो बहुधा पाडव्याच्या पंचांगवाचनात किंवा पूजेच्या संकल्पात. एरवी आपण ‘वर्ष’ आणि ‘साल’ यांवरच भागवितो. परंतु हैदराबादेकडील वाचकांस सांगावयास नको की, तेलुगूत ‘संवत्सरम्’ हा वर्षवाचक रोजचा शब्द आहे. गोव्यात पाडव्यालाच ‘संवसर पाडवो’ म्हणतात. उत्तरेकडे याच शब्दाचे संक्षिप्त रूप ‘संवत्’ विक्रमाच्या कालगणनेला जाऊन चिकटले आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे तोच अर्थ रूढ झाला.

मुळात हा शब्द एका चक्रातील एका आऱ्याचे नाव होता. वैदिक काळी पाच वर्षांचे एक युग मानीत. संवत्सर हे त्यातील पहिले वर्ष, पुढे परिवत्सर इत्यादी. गुरूला बारा राशी फिरण्यास सुमारे बारा वर्षे लागतात. ही पाच आणि बारा यांची आवर्तने जुळतात साठ वर्षांनी. प्रभवापासून क्षयापर्यंतची साठ नावे या हिशेबात बसतात.

येथेच एक अडचण आहे. मध्यम गतीने गुरू एक राशी ओलांडतो तो सुमारे ३६१ दिवसांत, म्हणजे सौरवर्षाहून चारेक दिवस आधी. म्हणून पंचाऐंशी-शहाऐंशी वर्षांत एक संवत्सर गाळावे लागते. उत्तरेने हा लोप पाळला. दक्षिणेने सुमारे दहाव्या शतकापासून तो सोडून दिला आणि नावे वर्षाला एक अशी सरळ चालू ठेवली. परिणामी दोन्हींतील अंतर आता दहाहून अधिक नावांचे आहे. माळव्यातील कागदावर संवत्सराचे नाव आढळल्यास लिहिणारा कोणत्या परिपाठातला, हे आधी पाहिले पाहिजे.

दक्षिणी पद्धतीत पडताळा सोपा आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी राहील तितकावे संवत्सर. शिवराज्याभिषेक शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा (१६७४). बेरीज १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. राज्याभिषेक शक सुरू झाल्यावर आकडा एकापासून मोजला जाऊ लागला, तेव्हा जुन्या शकाशी सांधा राखला तो या नावानेच. नकलकाराच्या हातून आकडा चुकतो. शब्द तितक्या सहज चुकत नाही.

मात्र या पडताळ्यावर भलताच विश्वास टाकू नये. शिवजन्माच्या वादाचेच पाहा. जेधे शकावली शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया (१६३०) सांगते. चिटणिसांच्या बखरीत शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया (१६२७) आहे. गणित करून पाहावे : दोन्ही ठिकाणी शक आणि संवत्सर बिनचूक जुळतात! जुळणीने लेखनदोष पकडता येतो. परंपराच चुकीची असेल तर ती तितकीच नीट जुळलेली असते. तेथे साधनाचे वय व इतर पुरावा यांवरच निर्णय द्यावा लागतो, आणि तो शकावलीच्या बाजूने झाला हे योग्यच झाले. नुसते नाव असेल, शक नसेल, तर साठ-साठ वर्षांच्या अंतराने अनेक उत्तरे संभवतात. मग कागदातील माणसे, अक्षरवळण, तिथीचा वार यांकडे वळणे भाग पडते.

लोकांच्या स्मरणात मात्र हे नाव पंचांगाबाहेरही टिकले. १८७६ साली दक्षिणेत पडलेल्या भीषण दुष्काळास तमिळ मुलखात संवत्सरावरून ‘तादु’ वर्षाचा दुष्काळ म्हणतात. हे आपले धाता संवत्सर, शके १७९८. धाता म्हणजे धारणपोषण करणारा. त्या वर्षाने अन्नावाचून माणसे मारली. उलट राजस्थान व गुजरात यांनी १८९९-१९०० चा दुष्काळ लक्षात ठेवला तो ‘छप्पनिया’ म्हणून, विक्रम संवत १९५६ मधील शेवटच्या दोन आकड्यांवरून. एकीकडे नाव उरले, दुसरीकडे अंक. बडोद्याच्या मराठी घरांतून वृद्धांच्या तोंडी यांपैकी कोणते रूप होते, हे कोणी टिपून ठेवले असल्यास ते प्रसिद्ध व्हावे.