नव्या संगणकावर जुनी कार्यप्रणाली

यंत्रसामग्री आणि तीवर चालणारी सॉफ्टवेअरे यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार चालवणाऱ्या आज्ञावलीसमूहास कार्यप्रणाली म्हणतात. नव्या संगणकासोबत आलेली कार्यप्रणाली पुसून तिच्या जागी त्याच कुळातील पूर्वीची आवृत्ती बसवणे, या क्रियेस येथे प्रतिस्थापन म्हटले आहे. प्रत्यागमन, म्हणजे संगणक त्याच्या आधीच्या आवृत्तीवर परत आणणे, याहून भिन्न होय. विंडोज १० वरून ११ वर नेलेला संगणक साधारणतः दहा दिवसांच्या आत मागे आणता येतो, कारण जुनी प्रणाली त्याच डिस्कवर राखून ठेवलेली असते. नव्या संगणकास अशी पूर्वस्थिती नसते. जे बसवायचे ते बाहेरून आणावे लागते आणि यंत्राने ते स्वीकारावे लागते.

या क्रियेचे प्रयोजन सर्वांत स्पष्ट दिसते ते तालुक्याच्या गावच्या डीटीपी केंद्रात. वाशीम जिल्ह्यातील एखादे केंद्र उदाहरणादाखल घेऊ. ते रिसोडचे असो वा कारंजाचे. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके हे त्याचे काम, पाने जुळवण्यासाठी पेजमेकर ७.० आणि मराठी टंकनासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम ही त्याची साधने. पेजमेकरची ही अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ ची, म्हणजे विंडोज एक्सपीच्याच वर्षाची. जुना संगणक बंद पडतो, नव्यावर विंडोज ११ असते, जुने साहित्य चालत नाही. आणि ‘फॉरमॅट मारून सेव्हन टाका’ हा उपाय सुचवला जातो. त्याची परीक्षा करण्यापूर्वी नेमके काय चालत नाही, हे पृथक् करणे आवश्यक आहे.

अवलंबन चार प्रकारचे असते. (१) अक्षरांचे अवलंबन फॉन्टवर असते. जुन्या पद्धतीत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर मजकूर निरर्थक रोमन चिन्हांत दिसतो. परंतु ट्रूटाइप फॉन्ट विंडोज ११ वरही बसतो. (२) टंकनाचे अवलंबन कळफलकाच्या आज्ञावलीवर असते, आणि तीही जुन्या प्रणालीसाठीच लिहिलेली असू शकते. (३) पानाचे अवलंबन पेजमेकरवर. तो ३२-बिट असल्यामुळे ६४-बिट विंडोजने त्यास तत्त्वतः मज्जाव केलेला नाही; १६-बिट आज्ञावलींना मात्र तेथे स्थान नाही, आणि त्या काळातील काही सॉफ्टवेअरांचा स्थापक भागच १६-बिट असे. (४) परवान्याचे अवलंबन डोंगलवर, म्हणजे संगणकास जोडायच्या कुलपावर असते. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणास चालवणारी आज्ञावली, कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करतो; ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये चालत नाही, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. यावरून असे सिद्ध होते की कार्यप्रणालीवरचे अनिवार्य अवलंबन चौथ्या प्रकारात, आणि काही अंशी दुसऱ्या व तिसऱ्यात आहे. पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे केवळ जुन्या फायली वाचता याव्यात म्हणून, प्रतिस्थापन करणे निष्कारण आहे. हा भेद न केल्यास निष्कारण प्रतिस्थापने घडतात.

आता शक्यतेचा विचार. विंडोज ७ हे २००९ चे. त्यानंतरचे यंत्र त्यास अपरिचित आहे. पहिला अडथळा आरंभप्रणालीचा. सिक्युअर बूट, म्हणजे केवळ प्रमाणित प्रणालीच सुरू होऊ देणारी व्यवस्था, विंडोज ७ ला मानवत नाही, म्हणून ते बंद करावे लागते. आणि विंडोज ७ ज्यावर विसंबते त्या बायोस या जुन्या आरंभप्रणालीचे अनुकरण करणारी सोय अनेक नव्या यंत्रांत उरलेली नाही. दुसरा अडथळा साठवणीचा: एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या डिस्कचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या मूळ प्रतीत नाही, त्यामुळे स्थापनेच्या वेळी डिस्कच दिसत नाही. तिसरा सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून यूएसबीचा जुना नियंत्रक काढण्यात आला आणि नव्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नाही. परिणामी स्थापनेचा पडदा येतो, पण माउस आणि कीबोर्ड निश्चल राहतात. हे ड्रायव्हर स्थापक प्रतीत आधी मिसळता येतात. तथापि पुढे ग्राफिक्स आणि वाय-फाय यांचे ड्रायव्हर उत्पादकाने काढलेलेच नसतील, तर कौशल्याचा उपयोग नाही.

अधिकाराचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. विंडोज ११ प्रो सोबत आलेल्या यंत्रावर विंडोज १० प्रो वापरण्याची परवान्यात मुभा आहे; होम आवृत्तीस ती नाही.

परिणामांचा विचार अधिक गंभीर आहे. सुरक्षा-दुरुस्त्या एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ रोजी, सातसाठी १४ जानेवारी २०२० रोजी आणि दहासाठी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे थांबल्या. इंटरनेट तोडले की धोका संपला, हे अनुमान डीटीपी केंद्रास लागू पडत नाही, कारण तेथे दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. शिवाय इंटरनेट तोडणे व्यवहार्यही नाही: पत्रिकेचा मजकूर आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी अखेरची आवृत्ती १०९ ही आहे. जुने साहित्य वाचवण्यासाठी केलेले प्रतिस्थापन नव्या मजकुराची वाट अडवते.

म्हणून जुन्या प्रणालीस यंत्राचे स्वामित्व न देता यंत्राच्या आत मर्यादित जागा देणे युक्त होय. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने विंडोज ११ च्या आत आभासी संगणक निर्माण करता येतो आणि त्यात परवान्यासह ३२-बिट विंडोज ७ बसवता येते. यूएसबी डोंगल त्या आभासी संगणकाकडे सोपवता येतो. जुन्या पॅरलल पोर्टच्या डोंगलसाठी मात्र जुने यंत्रच जपावे लागते. आभासी संगणकास नेटवर्क देऊ नये. तयार पान पीडीएफ करून बाहेर आणावे आणि छपाई नव्या प्रणालीतून करावी.

ही व्यवस्था संक्रमणकाळापुरती आहे. त्या काळात जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेतात, नेणे हे खरे काम. परिवर्तकाने ते त्वरित होते, परंतु निर्दोष होत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार याच्या उलट स्थान बदलतो. त्यामुळे ‘कार्तिक’, ‘निर्मिती’, ‘वर्धापन’ अशा शब्दांत आणि ‘वऱ्हाड’मधील अर्ध्या रकारात चुका साचतात. परिवर्तित मजकुराचे मुद्रितशोधन मूळ छापील प्रत समोर ठेवून करावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत मूळ फाइल पुसू नये.